दहा वाजता सुरू होणारं निसर्गचित्र

निसर्गचित्र स्पर्धेच्या पत्रिकेवर वेळ बहुधा एकच छापलेली असते: सकाळी १० ते दुपारी १. पाहुणे येणार, दीपप्रज्वलन होणार, दोन भाषणं होणार, मग कागदावर शिक्का मारून घ्यायला रांग लागणार. हे सगळं उरकेपर्यंत पावणेअकरा. त्यानंतर शे-दीडशे मुलं आणि हौशी मंडळी घाटाच्या पायऱ्यांवर पांगतात आणि आपल्याकडच्या उन्हात चित्रासाठी जी सर्वांत नाठाळ वेळ, नेमकी तीच गाठून रंग कालवायला घेतात.

नाठाळ का, ते मोजून सांगता येतं. मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास पुण्यात सूर्य ६.४० च्या आसपास उगवतो. तासाभराने १० मीटर उंचीच्या झाडाची सावली सुमारे ४० मीटर लांब पडलेली असते. आणखी तासाने ती साडेअठरा मीटर उरते, पावणेदहाच्या सुमारास ११, आणि स्पर्धेचा कागद हातात पडतो तेव्हा ७. साडेबाराला सव्वातीन-साडेतीन मीटर, म्हणजे झाडाच्या स्वतःच्या घेराखालीच गडप. मेच्या मध्याला तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दुपारी खांबाची सावली खांबाच्या पायातच असते. उलट डिसेंबरअखेरीस भर दुपारीही त्याच झाडाला ९ मीटर सावली मिळते. हिवाळा हा लँडस्केपचा हंगाम मानतात, तो नुसत्या गारव्यामुळे नाही.

सावलीचं एवढं कौतुक कशाला? उजेड बाजूने आला की घराची एक भिंत उजळते, दुसरी सावलीत जाते आणि कागदावर घर उभं राहतं. उजेड डोक्यावरून आला की छप्पर, अंगण, रस्ता पांढरेफटक होतात आणि सगळ्या उभ्या बाजू सारख्याच करड्या दिसतात. मग चित्रकार रेषांनी कौलं मोजायला लागतो, कारण टोनमधून, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्यांतून, सांगण्यासारखं समोर काही उरलेलं नसतं. परीक्षक नंतर म्हणतात, मुलं तपशिलात अडकली. तपशील सोडून त्यांच्यापुढे दुसरं ठेवलं होतं काय?

हा एखाद्या आयोजकाचा आळस म्हणून सोडून देता आला असता. पण यामागे एक समजूत आहे आणि ती शाळेपासून नगरपालिकेपर्यंत मुरलेली आहे: निसर्गचित्रकाराला स्फूर्ती मिळते ती रम्य स्थळातून, तेव्हा स्थळ दिलं की आपलं काम झालं. निसर्गचित्रकारांनी खरोखर काय रंगवलं हे पाहिलं तर ही समजूत टिकत नाही. त्यांना लागते दिवसातली ठरावीक वेळ, आणि त्या वेळी तिथे बसायची मुभा. स्थळ बऱ्याचदा घराजवळचं, रोजचं, जरा गबाळंच असतं.

इंग्लंडचा निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१ साली फिशर या मित्राला लिहिलेल्या पत्रात आपल्याला काय आवडतं ते सांगितलं आहे: गिरणीच्या बांधातून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, विलोची झाडं, कुजलेल्या जुन्या फळ्या, बुळबुळीत खांब, विटांचं बांधकाम. यातली एकही गोष्ट पर्यटन खात्याच्या फलकावर यायची नाही. फ्लॅटफर्डची गिरणी त्याच्या वडिलांचीच होती, तो सारा परिसर त्याने लहानपणापासून पाहिलेला. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला तो नुसते ढग रंगवत बसला, आणि त्यातल्या अनेक अभ्यासचित्रांच्या पाठीमागे त्याने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. चित्राच्या पुढच्या अंगाला ढग, मागच्या अंगाला जवळजवळ वेधशाळेची नोंद.

आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आपल्या गावी परतले आणि कोटितीर्थ व रंकाळा हे तलाव, पंचगंगेचा काठ हाच मुलूख पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. चालत जाता येईल एवढ्या अंतरातलं पाणी आणि त्यावरचा उजेड एका माणसाला पुरला. नव्या-नव्या ‘स्पॉट’च्या शोधात गाड्या काढून हिंडणाऱ्यांना हे जरा विचित्र वाटेल.

बसण्यात नेमकं काय होतं, ते एका भिंतीवरून पाहू. चुन्याने रंगवलेली भिंत, वर मंगलोरी कौलांचं छप्पर, पुढे मातीचं अंगण, सकाळचे आठ. छपराच्या कडेची सावली भिंतीवर तिरकी पडली आहे. नवखा हात काळ्यात पाणी घालून तिथे करडा रंग फिरवतो आणि भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. पाच मिनिटं नुसतं पाहिलं तर कळतं की ती सावली एका रंगाची नाहीच. छपराच्या लगेच खाली आकाश झाकलं गेलंय, तिथे अंगणातल्या उन्हाने वर फेकलेला तांबूस उजेड आहे. खालच्या मोकळ्या कडेकडे, आकाशाचा उजेड पोचतो तिथे, ती निळी होत जाते. म्हणून अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणात खालच्या बाजूला निळा जास्त ठेवायचा, वर ओलं असतानाच यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, थेंब सोडायचा, एकाच दमात पूर्ण पट्टा ओढायचा आणि हात मागे घ्यायचा. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, तेव्हा लावताना तो डोळ्यांना एक पायरी जास्त गडद वाटला पाहिजे. फिका वाटला म्हणून अर्धवट सुकलेल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या थरावर, पुन्हा ब्रश नेला की रंग मळलाच.

यात घड्याळ असतंच. पाव इंपिरियल कागदाला, म्हणजे ११ × १५ इंच, ३०० जीएसएम जाडीच्या, साधारण दीड तास धरावा. पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलने मांडणी, आणि त्यातच सावलीची कड कुठे आहे ती रेष मारून ठरवून टाकायची. नंतर आकाश आणि उजळ भागांचे हलके वॉश, पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडून. ते सुकेपर्यंत थांबायचं. हे थांबणं कोणी शिकवत नाही. मग मधले टोन. सावल्या भरायला चाळीस-पन्नास मिनिटं होऊन गेलेली असतात आणि तोवर समोरची सावली सरकलेली असते. अशा वेळी समोर बघायचं नाही, आपल्या रेषेवर विश्वास ठेवायचा. सावलीचा पाठलाग करणाऱ्याच्या चित्रात डावीकडे आठची सावली असते आणि उजवीकडे साडेनऊची. अशी दोन सूर्यांची चित्रं प्रदर्शनांतसुद्धा फ्रेम करून लावलेली दिसतात. बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

हवेचाही हात चित्रात असतो. मे महिन्यात देशावर वॉश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिल्या टोकाला वाळतो आणि आकाशाला पट्टे पडतात. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून गुळगुळीत ॲक्रिलिकच्या पाटावर चिकटवला आणि पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले तर थोडी उसंत मिळते. कोकणात पावसाळ्यात नेमकं उलटं. वॉश वीस मिनिटांनीही ओलाच असतो, आणि त्यात पाणीदार ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. तिथे पाणी कमी आणि रंग दाट घ्यावा, नाहीतर शाईची रेषा आणि वर एकच वॉश एवढ्यावर भागवावं. छत्री लाल किंवा निळी असेल तर तिचा रंग कागदावर सांडतो आणि सगळे टोन चुकतात. काळी किंवा पांढरी छत्री घ्यावी. भर उन्हात कागद मांडीवर घेऊन बसलं तर तो इतका चमकतो की प्रत्येक रंग फिका वाटत राहतो, माणूस गडद करत सुटतो, आणि घरी दिव्याखाली तेच चित्र काळवंडलेलं निघतं.

हे सारं टाळायचा सोपा मार्ग सगळ्यांच्या खिशात आहे. स्पर्धेतही मुलं समोरच्या देवळाचा फोटो काढतात आणि झाडाखाली देवळाकडे पाठ करून फोनवरून चित्र काढतात. त्यांना ओरडण्यात अर्थ नाही, पावणेअकराच्या उन्हात दुसरं करणार काय! पण फोनने काय हातात दिलंय ते समजून घ्यायला हवं. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापातल्या २४ ते २६ मिलिमीटर लेन्सइतका रुंद पाहतो. त्याने जवळचा रस्ता फुगतो आणि लांबचा डोंगर आक्रसतो. सह्याद्रीचा कडा डोळ्यांना अंगावर आल्यासारखा वाटतो, फोटोत तोच बुटका होऊन क्षितिजावर बसतो. म्हणूनच फोटोवरून केलेलं निसर्गचित्र लांबूनही ओळखू येतं: खालचा अर्धा कागद रिकामा रस्ता, वर नखाएवढा डोंगर. फोन किंचित वर धरला तर इमारती आत झुकतात, आणि तो झोकही इमानेइतबारे कागदावर उतरतो. त्यात भर म्हणजे हल्लीचे फोन एका दृश्याचे अनेक फोटो जोडून सावल्या उजळतात आणि आकाश दाबतात. सगळं स्वच्छ दिसतं, पण दृश्य ज्याच्यासाठी रंगवावंसं वाटलं तो उजेड-अंधाराचा फरकच पुसला जातो.

यावर कोणी म्हणेल, थोर चित्रकार तरी कुठे सगळं जागेवर करत होते? बरोबर आहे. कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ हे १८२१ सालचं मोठं चित्र त्याच्या सफक परगण्यातल्या नदीकाठी नाही, लंडनच्या स्टुडिओत झालं. फ्रान्सच्या क्लोद मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवल्या तेव्हा तो अनेक कॅनव्हास बरोबर घेऊन बसायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. तरी शेवटचा हात त्याने स्टुडिओतच फिरवला. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांचं ‘उल्हासनगर’ हे २००१ सालचं चित्रही स्टुडिओत रचलेलं आहे. स्टुडिओला हरकत नाही, फोटोलाही नाही. स्टुडिओत जाताना बरोबर काय नेलं, हा प्रश्न आहे. उजेड ओळखणारा माणूस फोटोतली खोट दुरुस्त करतो: सावलीत रंग परत घालतो, डोंगर मोठा करतो, तारा आणि खांब गाळतो. जो कधी बसलाच नाही, त्याला दुरुस्त काय करायचं हे कळणार कुठून? म्हणून फोटोवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा प्रदर्शनांनी निसर्गचित्र विभागासाठी एवढंच मागावं: मोठ्या चित्रासोबत त्याच जागेचं, जागेवर केलेलं एक छोटं अभ्यासचित्र, आणि त्याच्या मागे तारीख, वेळ, आपलं तोंड कोणत्या दिशेला होतं आणि हवा कशी होती. खोटं लिहिणारे लिहितीलच. पण सावलीची लांबी आणि पाठीमागची वेळ जुळते का, हे जाणत्या परीक्षकाला पाहता येतं.

शाळेकडे वळलं की दुखणं आणखी खोलवर दिसतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांनी महाराष्ट्रात अनेक पिढ्यांना ब्रश धरायला शिकवलं, ते श्रेय काढून घेता येणार नाही. पण वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन या ओळखीच्या पेपरांपैकी एकही मुलाला वर्गाबाहेर नेऊन बसवत नाही. निसर्ग येतो तो स्मरणातून, आणि ज्याने पाहिलंच नाही त्याच्या स्मरणात काय असणार? तिथे पाठ केलेलं चित्र असतं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, सूर्याखालून निघालेली नदी, काठावर झोपडी, एक वाकडा नारळ आणि मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. त्या झोपडीकडे नीट पाहा. सूर्य तिच्या मागे आहे, तरी तिची आपल्याकडची भिंत लख्ख पिवळी आहे आणि सावली कुठेच नाही. मुलाला डोंगर काढता येत नाही ही यातली अडचण नव्हेच. सूर्य आणि भिंत यांचा काही संबंध असतो, हे त्याला कोणी दाखवलेलं नाही.

दाखवायला काश्मीर लागत नाही, शाळेच्या आवारातलं एक झाड पुरतं. सकाळच्या सत्रात साडेसातला पंधरा मिनिटं आणि त्याच दिवशी साडेअकराला पंधरा मिनिटं. पोस्टकार्डाएवढा कागद, ६बी ही मऊ, गडद पेन्सिल, खोडरबर नाही. टोन तीनच: कोरा कागद, मधला, गडद. डोळे किलकिले करून बघायचं, म्हणजे पानं दिसेनाशी होतात आणि उजेड-अंधाराचे ठोकळे उरतात. मागे तारीख, वेळ, दिशा. असे दहा कागद झाल्याशिवाय रंगाची पेटी उघडायची नाही. चित्रकलेच्या शिक्षकांना हे नवं नाही. पण तासिका ३५-४० मिनिटांची, वर्गात साठ मुलं, आणि वर्गाबाहेर नेलं तर ‘आवाज होतो’ अशी तक्रार. तेव्हा सुधारणा वेळापत्रकात करायला हवी. महिन्यातून एकदा दोन तास जोडून दिले तर अभ्यासक्रमाला हातही लावावा लागणार नाही.

विषयांच्या बाबतीत मात्र चित्रकारांनाच दोन शब्द ऐकवायला हवेत. मराठी निसर्गचित्र म्हटलं की वाडा, घाट, होड्या आणि बैलगाडी. दिवाणखान्यात तेच खपतं हे खरं, आणि वाड्याला नावं ठेवायचं कारणही नाही. खोल दिंडी, कोनाडे, पुढे आलेलं छप्पर, यांच्या सावल्यांवर माणूस आयुष्य काढू शकतो. पण वाडा रंगवण्याजोगा होता तो त्या सावल्यांमुळे. वाडे पाडून झाले, आता त्यांच्या जुन्या फोटोंवरून चित्रं होतायत, आणि सकाळी आठला उड्डाणपुलाखाली पडणारी लांबच लांब सावली, तिच्या कडेवरची चहाची टपरी आणि खांबांमधून तिरका आलेला उजेड यांच्याकडे कोणी बघत नाही. मोनेने १८७७ साली पॅरिसच्या सेंट-लाझार स्थानकात बसून इंजिनाचा धूर रंगवला, तेव्हा रेल्वे कोणाला रम्य वाटत नव्हती. चित्रकार सय्यद हैदर रझांनी १९४० च्या दशकात मुंबईचे रस्ते जलरंगात केले. मुंबईत डॉक्टरकी करणारे चित्रकार गीव्ह पटेल विहिरीत डोकावून दिसणारं पाणी, झुडपं आणि आकाशाचा तुकडा वर्षानुवर्षं रंगवत राहिले. विहीर! जिच्याजवळून आपण रोज जातो, ती.

राहता राहिली बसण्याची मुभा. सार्वजनिक बाग, तलाव, किल्ला, घाट, कुठेही पाट उघडून बसलं की दहा मिनिटांत सुरक्षारक्षक येतो: “परवानगी आहे का?” त्याचा दोष नाही, त्याला कोणी लिहून दिलेलं नाही. फोटो काढणाऱ्याला तो काही विचारत नाही, कारण तो लगेच निघून जातो. दीड तास एका जागी बसणारा माणूस संशयास्पद ठरतो. नियमांच्या फलकावर एक ओळ वाढवली की हा वाद मिटतो: बसून चित्र काढण्यास हरकत नाही, स्टँड वाटेत लावू नये, रंगाचं पाणी तलावात टाकू नये. उद्यानं सूर्योदयाला उघडावीत. बाकं कडेला झाडाच्या सावलीत, आत तोंड करून असावीत. आज ती बहुतेक ठिकाणी रंगीत अक्षरांच्या सेल्फी पॉइंटकडे तोंड करून असतात. भिंती रंगवण्याचा उत्साहही आहेच. मागे खरा डोंगर दिसत असताना त्याच्यापुढच्या भिंतीवर धबधब्यासकट डोंगर रंगवलेला अनेक गावांत पाहायला मिळतो. त्या रंगाच्या पैशात चार बाकं आली असती.

स्पर्धेपुरतं बोलायचं तर खर्च शून्य आहे. जागा आदल्या दिवशी जाहीर करावी, म्हणजे ज्याला संध्याकाळी जाऊन उजेड कुठून येईल ते बघायचंय तो बघून येईल. कागदावर शिक्के रात्रीच मारून ठेवावेत. सकाळी पावणेसातला कागद वाटायला सुरुवात, सव्वासातला शेवटचा कागद हातात, साडेनऊला सगळे परत जमा, मागे वेळ आणि दिशा लिहिलेली. मग पोहे, चहा. दीपप्रज्वलन आणि भाषणं त्यानंतर, दहाला. पाहुणे पाऊण तास उशिरा आले तरी मग कोणाचं काही बिघडत नाही.